सालईचा पानाविना फुलोरा

यवतमाळच्या खडकाळ, पातळ मातीच्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडी सालई उघडीबोडकी उभी असते. अंगावर पान नाही, साल कागदासारखी सुटलेली. नेमकी याच दिवसांत ती फुलते. फांद्यांच्या टोकांना बारीक पांढरट फुलांचे घोस येतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते.

धुपाचा सुगंधी डिंक देणारे हे झाड सोयरिकीबाबत मात्र मोठे चोखंदळ! फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी असूनही स्वतःचा पराग त्याला चालत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००५ साली हे सविस्तर मांडले. स्वतःच्या परागाची नलिका वाटेतच अडते. दुसऱ्या झाडाचा पराग आला, तरच तीन धारांचे फळ धरते.

सालईची जाड फांदी रोवली तरी ती फुटते, म्हणून लागवडीला हा सोपा मार्ग. पण एकाच झाडाच्या फांद्यांची रांग लावली, तर ती सगळी एकाच रक्ताची. फुलोरा भरपूर, बी जवळपास नाही.

डिंकासाठी घातलेले घावही झाडाला महाग पडतात. एरिट्रियातल्या सालईच्या भावंडात, घाव न घातलेल्या झाडांचे ८० टक्क्यांहून अधिक बी रुजले. सतत चिरलेल्यांचे १६ टक्क्यांहून कमी.

तेव्हा सालई लावताना फांद्या निदान चार-पाच वेगवेगळ्या झाडांच्या घ्याव्यात आणि बियाण्यासाठी काही झाडे न चिरता राखावीत.