कंट्रोलरला इंटरनेट नाही, मग आकडा मोबाईलवर येतो कसा?

ॲप उघडलं आणि शंभर किलोमीटरवरच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान दिसलं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण मित्रांनो, तिथल्या टेंपरेचर कंट्रोलरला ना वायफाय असतं, ना सिम कार्ड. मागे असतात दोन स्क्रू, ए आणि बी. हे आरएस-४८५ नावाचं सीरियल कनेक्शन.

या दोन वायरवर बहुतेक वेळा मॉडबस ही भाषा चालते. मोडिकॉन कंपनीने ती १९७९ साली आणली, म्हणजे माझ्यापेक्षाही जुनी! वायरवरचा प्रकार मॉडबस आरटीयू, नेटवर्कवरचा मॉडबस टीसीपी. दोघांच्या मध्ये बसतो गेटवे. सर्व्हरचा प्रश्न आला की तो नेटवर्कचं पाकीट काढतो, चूक ओळखण्यासाठी सीआरसीचे दोन बाइट जोडतो आणि प्रश्न वायरवर सोडतो. उत्तर आलं की याच्या उलट. पाकीट बदलतं, आतली चिठ्ठी तीच राहते.

गेटवे सेट करताना चार गोष्टी बघा:

१. सीरियल सेटिंग: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट. कंट्रोलरवर ९६००, ८, नन, १ असेल तर गेटवेवरही अगदी तेच हवं. गेटवे अंदाज बांधत नाही.

२. पत्ता: १ ते २४७ पैकी एक. एकाच वायरवर दोघांचा पत्ता सारखा नको.

३. नेटवर्क: गेटवेला न बदलणारा आयपी द्या. मॉडबस टीसीपीचा ठरलेला पोर्ट ५०२. मोड 'ट्रान्सपरंट' ठेवू नका, त्यात पाकीट न बदलता बाइट तसेच पुढे ढकलले जातात.

४. टाइमआउट: उत्तरासाठी किती थांबायचं. मी एका सेकंदापासून सुरुवात करतो. सर्व्हरचा टाइमआउट गेटवेपेक्षा जास्त ठेवा.

आता माझी फजिती सांगतो. नाशिक भागातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी पहिला गेटवे बसवला. आत शेतकऱ्यांची द्राक्षं. एक कंट्रोलर जोडला, ॲपवर ०.४ अंश दिसलं. दुसरा जोडला आणि गेटवेच्या लॉगमध्ये दोघांचंही उत्तर येईना. दीड तास मी बॉड रेट बदलत बसलो. शेवटी तिथले इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "साहेब, दोन्ही डबे नवेकोरे आहेत. आतलं सेटिंग सारखंच असेल ना?" बरोबर होतं! दोघांचाही फॅक्टरीतला पत्ता १. दोघं एकदम बोलायचे आणि उत्तराची खिचडी व्हायची. दुसऱ्याला २ दिला, काम झालं.

पण खरी चूक वेगळीच होती. त्या दीड तासात ॲपवर ०.४ तसंच दिसत होतं, कारण उत्तर आलं नाही तर शेवटचा आकडा दाखवायचा, असं मीच लिहिलं होतं. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला आणि वायरही सुटली असती, तर मालक थंड आकडा बघून निवांत झोपले असते आणि सकाळी माल गेलेला असता. खरं तर अशा वेळी गेटवे सांगू शकतो: मॉडबसमध्ये एरर ११ म्हणजे 'समोरच्या डिव्हाइसने उत्तर दिलं नाही'. आता माझं ॲप आकडा पुसून हेच लाल अक्षरांत दाखवतं.

अजून एक. साध्या मॉडबसला पासवर्ड नसतो. मोबाईलवरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट ५०२ इंटरनेटला उघडा करू नका. तुम्हाला तापमान वाचता येईल तसं दुसऱ्या कुणाला ते बदलताही येईल. त्यापेक्षा व्हीपीएन वापरा.

आणि तुमच्या फोनवर असं एखादं ॲप असेल, तर आज एकच गोष्ट तपासा: आकड्याशेजारी तो कधी आला ती वेळ दिसते का? नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.