फुकटातली एपीटी रिपॉझिटरी: सर्व्हर त्यांचा, किल्ली आपली

समजा, तुम्ही डेबियन किंवा उबुंटूसाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय. डेब फाइल लोकांना मेलने पाठवली, त्यांनी बसवली. पुढे त्यात एक चूक सापडली, तुम्ही दुरुस्त केली. आता प्रत्येकाला परत मेल? त्यापेक्षा लोकांनी नेहमीसारखं अपडेट-अपग्रेड करावं आणि नवी आवृत्ती आपोआप यावी. यासाठी रिपॉझिटरी लागते. मग सर्व्हर भाड्याने घ्यायचा का? गरज नाही.

कारण रिपॉझिटरी म्हणजे नुसता एक फोल्डर असतो हो! तिथे डेटाबेस नाही, कुठला प्रोग्रॅम चालत नाही. डेब फाइल्स, त्यांची 'पॅकेजेस' नावाची यादी आणि 'रिलीज' फाइल, एवढंच. कोणती आवृत्ती नवी, कशाला काय लागतं, हा हिशेब आपल्याच मशीनवरचं एपीटी करतं. त्यामुळे गिटहब पेजेस पुरतं. मर्यादा आहेत: साइट 1 जीबीपर्यंत, महिन्याला साधारण 100 जीबी वाहतूक. पॅकेज 10 एमबीचं असेल तर दहा हजार डाउनलोड झाले. आपल्याला भरपूर!

पण खरा मुद्दा वेगळा आहे. डेब बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणजे तुमच्या फोल्डरमध्ये कुणी दुसरी फाइल सरकवली, तर अख्खं मशीन त्याच्या हातात. मग भरवसा कशाचा? साखळी बघा. 'पॅकेजेस'मध्ये प्रत्येक डेबचा एसएचए-256 ठसा असतो, 'रिलीज'मध्ये 'पॅकेजेस'चा ठसा, आणि 'रिलीज'वर तुमची जीपीजी सही. मधे एक अक्षर बदललं तरी एपीटी अडतं. सर्व्हर परका असला तरी चालतं ते यामुळेच. काही जण सही टाळून लोकांना 'ट्रस्टेड=येस' लिहायला सांगतात. कृपा करून हे करू नका, तिथेच साखळी तुटते.

आता खासगी किल्ली ठेवायची कुठे? गिटहब अ‍ॅक्शन्सच्या सीक्रेट्समध्ये ठेवली तर सही आपोआप होते, सोय मोठी. पण मग खातं गेलं की सहीही गेली. महिन्यातून एकदा आवृत्ती काढणार असाल तर सही घरच्या मशीनवरच करा, असं माझं मत. दोन मिनिटांचं काम आहे. आणि किल्लीला मुदत घातली असेल तर ती संपायच्या आत वाढवून सार्वजनिक किल्ली परत लोकांपर्यंत पोचवा. नाहीतर एके सकाळी सगळ्यांचंच अपडेट अडेल.