अर्ज न घेणारे दफ्तर

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात, वॉशिंग्टन रोड नावाच्या गजबजलेल्या हमरस्त्यालगत, उपाहारगृहे आणि पेट्रोलपंप यांच्या रांगेला पाठ करून, उंच हिरव्या कुंपणाआड ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब वसलेला आहे. आणि तेथे सामान्य गोल्फपटूस खेळावयास कसे मिळते, एवढा एकच प्रश्न पुढे ठेवून संपादकमहाशयांनी हा लेख मजकडे सोपविला. या प्रश्नाचे अधिकृत उत्तर 'मिळत नाही' असे दोन शब्दांत संपते, आणि अधिकृत उत्तर इतक्या लवकर संपले की अनधिकृत उत्तराचा शोध घेणे भागच पडते.

या क्लबाच्या दफ्तरात सभासदत्वाचा छापील अर्ज नाही, प्रतीक्षायादी नाही, आणि प्रवेशशुल्क किती याचा जाहीर उल्लेखही नाही. सभासदांची संख्या सुमारे 300 असते; कोणी निवर्तला किंवा निवृत्त झाला म्हणजे जागा रिकामी होते, विद्यमान सभासदांपैकी कोणी एखाद्याचे नाव हलक्या आवाजात सुचवितो, वरिष्ठ त्यावर आपला विचार करतात, आणि ज्याचा विचार होत असतो त्या गृहस्थास याची गंधवार्ताही नसताना एके दिवशी आमंत्रणपत्र त्याच्या हाती पडते. इच्छा बोलून दाखविणे ही येथे सर्वांत मोठी अपात्रता समजली जाते. पंगतीचे आवतण मागून घेतले की ते आवतण राहत नाही, हा आपल्याकडील दंडक तेथील कोट्यधीशांनी कसोशीने पाळलेला दिसतो. बिल गेट्स यांच्यासारख्या कुबेरासही सभासदत्व 2002 साली, म्हणजे जगातील सर्वांत धनाढ्य माणूस म्हणून ख्याती झाल्यावर कित्येक वर्षांनी मिळाले. त्याच वर्षी 'यूएसए टुडे' या दैनिकाने सभासदांची यादी छापली, तेव्हा बड्या कंपन्यांचे आजीमाजी अध्यक्ष आणि बँकांचे अधिपती यांची ती मांदियाळी लोकांनी प्रथमच एकत्र पाहिली. सभासदाला काढून टाकण्याची रीतही तितकीच निःशब्द आहे असे सांगतात: नोटीस नाही, ठराव नाही, फक्त त्या वर्षीच्या वर्गणीचे बिल येत नाही.

येथवर वाचून कोणाची अशी समजूत होईल की हा क्लब जन्मापासूनच असा मानी असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हौशी गोल्फपटू म्हणूनच जगज्जेता ठरलेला बॉबी जोन्स आणि न्यूयॉर्कचा रोखेबाजाराच्या पेशातील क्लिफर्ड रॉबर्ट्स या दोघांनी 1931 च्या सुमारास, बर्कमन्स कुटुंबाच्या जुन्या फळबागेची आणि रोपवाटिकेची सुमारे 365 एकर जमीन घेतली, तेव्हा महामंदीने अमेरिका ग्रासलेली होती. त्यांचा अंदाज 1800 सभासदांचा. प्रवेशशुल्क 350 डॉलर, वार्षिक वर्गणी 60 डॉलर. देशभर हजारो पत्रे गेली, आर्जवे झाली, आणि 1934 च्या मार्च महिन्यात, आज मास्टर्स म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा पहिल्यांदा भरली तेव्हा सभासदांचा आकडा शंभरापर्यंतही पोहोचलेला नव्हता. मैदानाची आखणी करणारा स्कॉटिश वंशाचा विख्यात रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझी याला आपल्या मानधनासाठी काकुळतीची पत्रे लिहावी लागली. आपली ही कृती पूर्णावस्थेत न पाहताच तो 1934 च्या जानेवारीत मरण पावला. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1945 ही तीन वर्षे स्पर्धा बंद राहिली, आणि त्या काळात गवत आटोक्यात राहावे व चार पैसे सुटावे म्हणून मैदानावर गुरे आणि टर्की पक्षी सोडण्यात आले. त्या गुरांना कोणाची शिफारस लागली नाही, आणि त्यांनी बागेतील अझेलियाची झुडपेही यथेच्छ खाल्ली. आज अर्जाला हात न लावणाऱ्या या दफ्तराचा आरंभ असा दारोदार हात पसरण्याने झाला, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या वैभवाहून अधिक उद्बोधक वाटते.

मुख्य दार बंद असले तरी कुठल्याही किल्ल्याप्रमाणे येथेही काही दिंड्या आहेत. पहिली दिंडी पाहुण्याची. सभासदाने बोलाविले, तर मॅग्नोलिया वृक्षांच्या दुतर्फा रांगेमधून जाणाऱ्या त्या प्रसिद्ध मार्गाने आत शिरता येते. हे वृक्ष 61 असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लावलेले आहेत. मात्र यजमानाने बरोबर असलेच पाहिजे. पाहुण्याच्या वर्तनाची जबाबदारी त्याची, खर्चही त्याच्याच खाती मांडला जातो, आणि सभासदांचा तो हिरवा कोट पाहुण्याच्या अंगावर चढत नाही. 1937 पासून चालत आलेला हा कोट सभासदानेही आवाराबाहेर न्यावयाचा नसतो. विजेत्या खेळाडूला तेवढी वर्षभराची मुभा. दुसरी दिंडी पत्रकारांची. एप्रिलमधील मास्टर्स स्पर्धा रविवारी संपली की सोमवारी 28 वार्ताहरांना त्याच मैदानावर खेळू दिले जाते, आणि ते भाग्यवान चिठ्ठ्या टाकून ठरतात. एकदा नाव निघाले की पुढची कित्येक वर्षे त्याने पुन्हा नाव घालावयाचे नाही. तिसरी दिंडी सेवेची: स्पर्धेच्या आठवड्यात गर्दी आवरणाऱ्या स्वयंसेवकांना मोसमाअखेर, मे महिन्यात, एक दिवस मैदान मोकळे करण्यात येते. पुष्कळ माणसे त्या एका दिवसासाठी वर्षानुवर्षे दोरी धरून उन्हात उभी राहतात. चौथी दिंडी निव्वळ गुणवत्तेची, म्हणून सर्वांत अरुंद. 2009 पासून आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धेच्या विजेत्याला मास्टर्सचे निमंत्रण मिळू लागले. हिदेकी मात्सुयामा हा जपानी तरुण प्रथम याच वाटेने आत आला आणि 2021 साली त्याने हिरवा कोट जिंकला. भारतातून पहिला मान 2007 साली जीव मिल्खासिंग याला मिळाला.

तुलनेसाठी स्कॉटलंडमधील म्युरफील्ड पाहावे. ते मैदान चालविणारी, 1744 साली स्थापन झालेली 'ऑनरेबल कंपनी' मानमरातबात ऑगस्टाला सहज मागे टाकील; पण मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस ती परक्यांना पैसे घेऊन खेळू देते, मात्र दुपारच्या भोजनास कोट-टाय लावून बसण्याचा तेथील रिवाज आहे. म्हणजे अभिजनांच्या क्लबाने दार किलकिले ठेवले तर त्याची प्रतिष्ठा बुडते, ही भीती निराधार आहे.

आता पुन्हा ऑगस्टाकडे. त्या कुंपणाआड ज्यांची ये-जा रोजची होती ती माणसे कोट्यधीशही नव्हती आणि वार्ताहरही नव्हती. ते कॅडी होते. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारे, अंतर सांगणारे, वाऱ्याचा रोख ओळखणारे हे कृष्णवर्णीय पुरुष बहुतेक क्लबाजवळच्या सँड हिल्स नावाच्या वस्तीतून येत. आणि 1982 पर्यंत शिरस्ता असा होता की मास्टर्समध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाने, तो कितीही मोठा असो, क्लबाचाच कॅडी घ्यावा. पांढराशुभ्र डगला, पाठीवर खेळाडूचे नाव, डोक्यावर हिरवी टोपी. त्यांतील विली ली स्टोक्स, ज्याला सर्वजण पॅपी म्हणत, याची हकीकत वाचताना मी या लेखाचा मूळ विषय बराच वेळ विसरून गेलो होतो. पॅपीचा जन्म त्याच जमिनीवरचा. मैदान बांधले जात असताना तो पोरसवदा मजुरांना पाणी पाजीत फिरे, आणि पाऊस पडला की पाणी कोणत्या उताराने वाहत कोठे जाते हे न्याहाळीत राही. पुढे हिरवळीवर चेंडू कोणत्या बाजूस वळेल याचा अंदाज भल्याभल्यांना येईनासा झाला, तेव्हा पॅपीचे उत्तर तयार असे: सारे काही अखेर सखल भागातल्या रेज क्रीक या ओढ्याकडे ओढले जाते. डोळ्यांना उतार डावीकडे दिसला तरी पाण्याची साक्ष उजवीकडची असेल तर पाण्यावर विश्वास ठेवावा. या ज्ञानाच्या बळावर चार निरनिराळ्या खेळाडूंना त्याने मिळून पाच विजेतेपदे मिळवून दिली. त्यांत बेन होगनची दोन्ही आहेत. मॅकेंझीने जमिनीचा आराखडा काढला. पॅपीने तिचा स्वभाव जाणला, आणि तो पुढच्या पिढीच्या पोरांना शिकविला.

त्या शागिर्दांच्या परंपरेतला कार्ल जॅक्सन 1961 साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, मास्टर्समध्ये प्रथम पिशवी घेऊन उतरला. 1976 पासून त्याची जोडी गोल्फपटू बेन क्रेनशॉशी जमली ती जवळजवळ चाळीस वर्षे टिकली. 1984 आणि 1995 अशी दोन विजेतेपदे या जोडीची. 1995 च्या स्पर्धेच्या तोंडावर क्रेनशॉचे वृद्ध गुरू हार्वी पेनिक वारले होते आणि त्याचा फटका काही केल्या बसत नव्हता. जॅक्सनने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: चेंडू पायांमध्ये किंचित मागे घे, आणि खांद्यांचा वळसा आवळ. चार-सहा चेंडू मारताच क्रेनशॉची लय परतली. अखेरच्या होलवर ओंजळीत तोंड लपवून ओणवा झालेला विजेता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला जॅक्सन, हे छायाचित्र गोल्फच्या इतिहासात अजरामर झाले आहे.

तथापि जॅक्सन हा अपवाद ठरला. 1982 च्या स्पर्धेत पावसाने खेळ खोळंबला, दुसऱ्या दिवशी सकाळी काही कॅडी वेळेवर हजर झाले नाहीत, नामांकित खेळाडूंनी तक्रारी केल्या, आणि 1983 पासून ज्याने त्याने आपला कॅडी आणावा असा हुकूम निघाला. खेळाडूंची बाजू अगदी खोटी नव्हती. वर्षभर ज्या माणसाबरोबर चालावयाचे त्यालाच सर्वांत मोठ्या आठवड्यात दूर का ठेवावे, हा त्यांचा सवाल रास्तच होता. परंतु त्या हुकमाने सँड हिल्सच्या एका संपूर्ण पिढीची वर्षातली सर्वांत मोठी कमाई एका फटक्यात गेली, आणि पुढे क्लबाने रोजचा कॅडीपुरवठाही बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपविला. जी दिंडी सर्वांत जुनी आणि वर्दळीची होती, ती अशी बुजली.

आणि ती कॅडीची दिंडी होती, खेळणाऱ्याची नव्हे, हे विसरून चालणार नाही. पहिली स्पर्धा 1934 ची. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर त्या स्पर्धेत उतरला तो 1975 साली. पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 साली घेण्यात आला, तोही अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या वर्णभेदावर देशभर गहजब उडाल्यानंतर. 2002 साली मार्था बर्क या कार्यकर्तीने स्त्रियांना सभासदत्व का नाही असा जाहीर प्रश्न केला, तेव्हा अध्यक्ष हूटी जॉन्सन यांनी संगिनीच्या धाकाने आम्ही काही करणार नाही असे ठणकावून सांगितले आणि प्रायोजकांना त्रास नको म्हणून 2003 व 2004 या दोन वर्षी जाहिरातींवाचूनच स्पर्धेचे प्रक्षेपण केले. कोट्यवधींच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची ही तयारी पाहून कोणाला त्यांच्या बाण्याचे कौतुक वाटेल. मला तो बाणा अगदीच नको त्या ठिकाणी खर्ची पडलेला वाटतो. काँडोलीझा राइस आणि डार्ला मूर या दोन स्त्रियांना 2012 च्या ऑगस्टमध्ये सभासदत्व मिळाले, तेव्हा संगिनीही दिसल्या नाहीत आणि आकाशही कोसळले नाही. खासगी मंडळाने आपले सोबती आपण निवडावेत, हा हक्क मला मान्य आहे. पण जे मंडळ दरवर्षी एक आठवडा साऱ्या जगाला आपल्या अंगणाकडे पाहावयास लावते, त्याला उरलेल्या एकावन्न आठवड्यांचा हिशेब विचारणे हा आगाऊपणा म्हणता यावयाचा नाही.

गेल्या काही वर्षांत क्लबाचा रोख बदललेला दिसतो. 2019 पासून हौशी महिलांच्या स्पर्धेची अंतिम फेरी या मैदानावर होते. 2021 साली वृद्ध एल्डरला स्पर्धेचा मानाचा आरंभ करण्यासाठी सन्मानाने बोलाविण्यात आले. त्याच वर्षी तो निवर्तला. दुसरीकडे, वाहनतळासाठी क्लबाने आजूबाजूची घरे एकामागून एक विकत घेतली आणि वस्तीच्या वस्ती सपाट झाली. एका कुटुंबाने मात्र आपले घर विकावयास वर्षानुवर्षे नकार दिला. ऑगस्टा नॅशनलचा अर्ज नामंजूर करणारे दफ्तर जगात बहुधा तेवढे एकच असावे.

याच शहरात महापालिकेचे एक गोल्फ मैदान आहे. लोक त्याला 'द पॅच' म्हणतात. क्लबातले कॅडी काम संपवून तेथे खेळावयास जात, आणि कॅडीगिरीतून वर येऊन व्यावसायिक खेळाडू झालेल्या जिम डेंटचे नाव तेथे नेणाऱ्या रस्त्याला दिलेले आहे. या मैदानाच्या जीर्णोद्धारात साहाय्य करण्याचे क्लबाने 2023 साली जाहीर केले, आणि पुढे टायगर वुड्सने त्याच्या शेजारी नऊ होलांचे लहान मैदान आखण्याचे अंगावर घेतले. तेव्हा ज्या वाचकास ऑगस्टात गोल्फ खेळावयाचे असेल त्याने कोणा कोट्यधीशाची ओळख काढीत बसू नये. पॅचच्या खिडकीवर शुल्क भरावे. तेथे शिफारसपत्र लागत नाही.