थाळीमाशाचे जेवण

समजा, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्याला तुमचा एक मित्र राहतो. त्याच्या मत्स्यपेटीत थाळीसारखे गोल, चपटे डिस्कस मासे आहेत. सुट्टीत तो गावी गेला आणि माशांना खाऊ घालण्याचे काम तुमच्यावर आले. फ्रीजमध्ये गोठवलेल्या लाल अळ्यांची वडी आहे, तर बाहेर वाटीत जिवंत किड्यांचा वळवळणारा पुंजका. तुम्ही काय घालाल?

जिवंत म्हणजे ताजे, तेव्हा तेच बरे, असे वाटणे साहजिक आहे. शिवाय डिस्कस मोठा लाजाळू. नव्या घरी आला की खाणेच सोडतो, आणि हलणारे भक्ष्य दिसले की कधीकधी पुन्हा खाऊ लागतो. पण तो पुंजका आहे ट्यूबिफेक्स कृमींचा. हे कृमी गाळात, पुष्कळदा सांडपाण्याच्याच, डोके खुपसून राहतात आणि शेपटी पाण्यात हलवत ठेवतात. तेथे प्राणवायू अगदी थोडा. तो धरून ठेवण्यासाठी त्यांच्या रक्तात लोहयुक्त लाल द्रव्य असते, आपल्या रक्तात असते तसेच. मात्र गाळातले रोगजंतूही त्यांच्याबरोबर पेटीत येतात. धुतल्याने बाहेरची घाण जाते. पोटातली सगळी जाईलच असे नाही.

मग गोठवले की झाले? तसेही नाही. चांगल्या थंडीत बरेच दिवस ठेवल्यास पुष्कळ परजीवी मरतात, पण अनेक जीवाणू नुसते निपचित पडतात. आणखी एक गोष्ट घडते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. घरच्या फ्रीजमध्ये वस्तू हळूहळू गोठते, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फुटतात. वडी वितळली की लाल रस सुटतो तो यामुळेच. तो पेटीत गेला की कुजून अमोनिया होतो. डिस्कसला 28 ते 30 अंश सेल्सियसचे ऊबदार पाणी लागते. अशा पाण्यात कुजण्याची क्रिया जलद होते आणि प्राणवायू मात्र कमी विरघळतो. म्हणून वडी वाटीत वितळवा, रस ओतून द्या, आणि दहा मिनिटांत संपेल एवढेच घाला. वितळलेले पुन्हा गोठवू नका.

तरीही जिवंतच खाऊ हवा असेल, तर गटाराऐवजी मिठागराकडे वळू या. 1953 मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरात आर्टिमिया हा चिमुकला कोळंबीसारखा जीव सापडल्याची नोंद केली. भारतातली ती पहिली नोंद! समुद्राहून कितीतरी खारट पाण्यात तो मजेत राहतो. तेथे मासे जगत नाहीत, म्हणून माशांचे रोग त्याच्याबरोबर येण्याची भीतीही फार कमी. त्याची अंडी वाळली तरी वर्षानुवर्षे टिकतात.

डिस्कसची पिले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. त्यानंतर त्यांना अर्ध्या मिलिमीटरची ही आर्टिमियाची पिले देतात. अंडी दुकानात मिळतात. एक लिटर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम जाडे मीठ विरघळवा, चिमूटभर अंडी टाका आणि पंपाने हवा सोडत राहा. एकदीड दिवसात नारिंगी ठिपके पोहू लागतील. पंप बंद करून बाटलीच्या एका बाजूला विजेरी धरा. ते सगळे उजेडाकडे धावतील. तेथूनच नळीने ओढून घ्या, फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच पेटीत सोडा.