चारही चाकांना थंडीचे टायर

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर हवेतच, असा कायदा आहे. शेजारच्या ओंटारिओत सक्ती नाही; हे टायर बसवल्यास विम्याच्या हप्त्यात सूट मिळते, इतकेच. त्यामुळे तिथल्या टोरोंटोच्या परिसरात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात प्रश्न पडतोच: गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, मग हा जादा खर्च कशाला?

याचे उत्तर रबरात आहे. रबराचे लांबलचक रेणू सतत हलत असतात, म्हणूनच टायर रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात दबून बसतो आणि पकड धरतो. पारा उतरला की ही हालचाल मंदावते, रबर ताठरते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळी टायरचा विचार करावा, असा ठोकताळा यातूनच आला. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि अन्य घटकांचे मिश्रण असे बेतलेले असते, की शून्याच्या बरेच खाली गेल्यावरही ते मऊ राहते.

टायर जवळून पाहा. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांत भुसभुशीत बर्फ दाबून भरतो. बर्फाला बर्फ चिकटत असल्याने त्यानेही पकड वाढते.

टणक, गुळगुळीत बर्फ मात्र वेगळा. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तोच घात करतो. जपानमध्ये यावर उपाय म्हणून खिळ्यांचे टायर वापरत. पण खिळ्यांनी डांबर खरवडून सेंदाई, सप्पोरोसारख्या शहरांत धुळीचे लोट उठू लागले आणि १९९० साली त्याविरुद्ध कायदा झाला. त्याच सुमारास सूक्ष्म छिद्रांचे रबर पुढे आले. ते पाण्याचा थर शोषून घेते. हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नातून टायरचे विज्ञान पुढे सरकल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चिन्ह शोधा; ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. नुसती ‘एम प्लस एस’ अक्षरे पुरेशी नाहीत. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीलाही हे टायर लागतातच: चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी हलवायला उपयोगी पडते, थांबवायला नाही. फक्त पुढचे दोन टायर बदलणे तर धोक्याचेच, कारण वळणावर किंवा ब्रेक दाबताच मागची बाजू फिरते. थंडीत टायरमधली हवाही आकसते. पारा ५-६ अंशांनी उतरला की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, तेव्हा तो वरचेवर तपासा. खाचांची खोली ४ मिलिमीटरवर आली, की बर्फासाठी तो टायर संपला असे समजावे.

पहिला बर्फ पडताच गॅरेजांत रांगा लागतात. ऑक्टोबरमध्येच वेळ ठरवा आणि चारही टायर एकदम बदला.