सव्वापाच इंची गृहिणी

भातुकलीतल्या बाहुलीचा फोटो सहज काढला, तर तो खेळण्याचाच येतो. अमेरिकी छायाचित्रकार लॉरी सिमन्स यांनी १९७६ पासून बाहुलीघरातल्या खोल्या मांडून फोटो काढले. त्यांत मात्र आधी बाई दिसते, मग बाहुली. हे घडतं कसं?

सुरुवात कॅमेऱ्याच्या उंचीपासून होते. बाहुलीघर बहुधा एकास बारा या प्रमाणात असतं. सव्वापाच फुटांची बाई तिथे सव्वापाच इंचांची. वरून टिपलं, तर आपण खेळात डोकावतो. लेन्स तिच्या नजरेच्या पातळीला आणली, की आपण तिच्याच स्वयंपाकघरात उभे.

खरी अडचण फोकसची. लेन्स इतकी जवळ नेल्यावर चेहरा रेखीव येतो, मागचं सिंक धूसर होतं, आणि वस्तू चिमुकली असल्याची चुगली ती धूसरताच करते. म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, बारीक करायचं, एफ १६ किंवा २२. मग प्रकाश कमी पडतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. बाहुली हलत नाही, हे इथे कामी येतं.

पण सगळंच लपवायचं नसतं. ताठ हात आणि न वाकणारी कंबर तशीच दिसू द्यायची. कामाला उभी केलेली ही बाई काम करूच शकत नाही, हे कळायला हवं. १९४९ साली जन्मलेल्या सिमन्स जाहिरातींतल्या हसतमुख गृहिणी बघत वाढल्या. त्या हसण्यामागची घुसमट अमेरिकी लेखिका बेटी फ्रीडन यांनी १९६३ साली पुस्तकातून मांडली होती. सिमन्स यांनी ती टेबलावर मांडली.

सत्तरच्या दशकाअखेरच्या त्यांच्या दोन फोटोंत बाई फ्रिज उघडते आहे. शीर्षकांतला फरक एवढाच, की एकात दूध मधोमध आहे, दुसऱ्यात उजवीकडे. मला ही जोडी फार मोलाची वाटते. उचलायचं, सरकवायचं, मागे होऊन बघायचं, पुन्हा सरकवायचं: छायाचित्रकार जे करते, तेच गृहिणी आयुष्यभर करते. पण एकीच्या मांडामांडीला शीर्षक मिळतं, भिंत मिळते. दुसरीची संध्याकाळपर्यंत विस्कटते आणि तिला कुणी काम म्हणत नाही.

सिमन्स यांच्या १९८९ च्या 'वॉकिंग हाउस' या फोटोत तर बाईच्या पायांवर अख्खं घरच उभं आहे. चित्र जबरदस्त आहे, तरी मला ते दुधाच्या जोडीइतकं बोचत नाही. त्यात ओझं दिसतं, रोजचं काम दिसत नाही.