गच्चीवरचं सोलर खरंच किती स्वच्छ?

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली आणि भिलाईच्या वस्त्यांमध्ये चहाच्या वेळी नवा विषय आला. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी, वरचे किती घालायचे, बिल किती वाचणार, पैसे कधी वसूल होणार? हा हिशेब आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसरा हिशेब मात्र विक्रेता सहसा मांडत नाही. ही पॅनेल बनवताना किती कोळसा जळला आणि म्हातारी झाल्यावर ती कुठे जाणार?

या दुसऱ्या हिशेबाला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. वस्तू खाणीतून निघते तेव्हापासून भंगारात जाते तोपर्यंतचा सगळा खर्च त्यात धरतात, पण रुपयांत नाही; धूर, पाणी, जमीन आणि कचऱ्यात.

भट्टी इथेही आहेच

१९५९पासून धमन भट्टी पाहणाऱ्या भिलाईकरांना वेगळं सांगायला नको की आगीशिवाय काही घडत नाही. सोलर सेलचं सिलिकॉनही तसंच. गारगोटीचा दगड कोळशासारख्या कार्बनबरोबर विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंशांवर वितळवावा लागतो. मग ते शुद्ध करायचं, कांड्या ओतायच्या, कागदासारखे पातळ काप काढायचे. यातलं बहुतेक काम चीनमध्ये होतं आणि तिथली वीज मुख्यतः कोळशाची. सबसिडीसाठी सेल आणि पॅनेल भारतात बनलेले लागतात, हे चांगलंच आहे. पण त्यांच्या आतले काप अजून बहुतांशी बाहेरूनच येतात. त्यात ॲल्युमिनियमची चौकट, काच आणि गच्चीवरचा लोखंडी सांगाडा मिळवा.

म्हणजे सोलरही कोळशाचंच का? आकडे पाहू या. हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २०१४च्या अहवालात जन्मापासून शेवटापर्यंतचं उत्सर्जन धरून कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोजलाय. गच्चीवरच्या सोलरचा आकडा ४१ ग्रॅम, जमिनीवरच्या पवनचक्कीचा ११.

आता आपल्या घराचं बघा. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट रोज साधारण चार युनिट देतो. तीन किलोवॅटचे रोजचे बारा आणि दरवर्षीची थोडी घट धरली तरी २५ वर्षांत लाखभर युनिट होतात. सोलरच्या वाट्याला येतात चार टन, तेवढ्याच कोळशाच्या विजेला ८२ टन. पॅनेल अगदी कोळशाच्याच विजेवर बनलं म्हणून आकडा दुप्पट केला तरी तो दहाव्या हिस्स्याइतकाच भरतो. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोरब्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते, त्यामुळे इथे एक युनिट वाचवण्याचा फायदा जलविद्युत भरपूर असलेल्या राज्यापेक्षा मोठा आहे. पॅनेल घडवायला लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात साधारण वर्ष-दीड वर्षात परत मिळते. त्यापुढची वर्षं नफ्याची.

अर्थात पॅनेल स्वच्छ ठेवलं तर! कारखान्यांच्या गावात धूळ लवकर बसते आणि धुळीखाली युनिट कमी पडतात. सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने मऊ कापड फिरवावं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. घासणी आणि साबणाची पूड नकोच.

खरा डाग कुठे लागतो

मला पॅनेलपेक्षा बॅटरीची जास्त काळजी वाटते. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे एका पॅनेलच्या आयुष्यात पाच-सहा वेळा. ती भंगारवाल्याला दिली आणि त्याने उघड्यावर फोडून शिसं वितळवलं, तर तो धूर जवळच्या मुलांच्या रक्तात जातो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच जमा करा. वीज फारशी जात नसेल तर नेट मीटरवाली, बिनबॅटरीची जोडणीच घ्यावी, असं माझं मत. मात्र वीज गेली की असं सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. अनेकांना हे बसवल्यानंतर कळतं आणि मग कुरबुर सुरू होते.

मोठ्या प्रकल्पांनाही बॅटरी चुकलेली नाही. शेजारच्या राजनांदगावला १०० मेगावॅटचा सोलर प्रकल्प बॅटरीसाठ्यासह उभा आहे, संध्याकाळच्या विजेसाठी. तिथे गच्चीऐवजी जमीन लागते, हा खर्च निराळा.

पॅनेलचं वजन बहुतेक काचेचं. काच आणि ॲल्युमिनियम सहज परत वापरता येतात; चांदी, सिलिकॉन आणि जोडणीतलं थोडं शिसं वेगळं काढणं कटकटीचं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलही आली आहेत आणि २०३४-३५पर्यंत निघणारा पॅनेलचा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवायचा आहे. आज बसवलेली पॅनेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उतरतील. म्हणून कोटेशन घेताना गॅरंटीच्या शेजारी आणखी एक ओळ लिहून मागा: फुटलेलं किंवा उतरवलेलं पॅनेल परत कोण नेणार? बिल, पॅनेलचे नंबर आणि ही ओळ घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येच ठेवा, कारण ती वेळ येईल तेव्हा घर कदाचित तुमची मुलं सांभाळत असतील.